अखबार म्हणतो

बाजाराच्या दिवशी चंद्रभागा चावडीच्या ओट्यावर थांबली ती निव्वळ सावलीसाठी. वडिलांनी लिहिलेला एक अर्ज पाटलांकडे पोचवून ती घरी निघाली होती. वडिलांनी लिहिलेला – म्हणजे गावाच्या समजुतीप्रमाणे. दिवस पौषाचे, तरी दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं. समोर माणसं उकिडवी बसलेली, आणि तिच्याकडे पाठ करून, खांबाला टेकून, शाळेतला नवा मास्तर सरकारी अखबार वाचून दाखवत होता.

तसा तहसिलीचा हुकूमच होता. राज्य निजामाचं, अखबार उर्दू आणि युसूफ वडगाव मराठी. तेव्हा दर बाजारी मास्तरानं तो मराठीत सांगायचा आणि रयतेनं ऐकायचा. त्या हिवाळ्यात हैदराबादेत सत्याग्रह चालू होता. सरहद्दीपलीकडून येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांना बंदी होती, आणि ज्याच्या घरात तसं पान सापडे तो माणूस चार दिवस घरी येत नसे.

"पकडलेल्या लोकांना तुरुंगात ठेवलंय," मास्तर सांगत होता. "त्यातलं कुणीबी माफी मागायला तयार न्हाई."

चंद्रभागेची नजर सहज त्याच्या खांद्यावरून कागदावर गेली, आणि तिथंच अडकली. कागदावर छापलं होतं, की सर्वांनी माफी मागितली असून सरकारचे आभार मानले आहेत.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात मास्तरानं मान वळवली. त्याला दिसली एक सावळी मुलगी, आणि तिचे डोळे... ते कागदावरून उजवीकडून डावीकडे सरकत होते.

त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. चंद्रभागेनं पदर सावरला आणि ती ओट्यावरून उतरली. घरी पोचेपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

त्याचं नाव गहिनीनाथ. पाटोद्याकडचा, घरी आई-बाप कुणी नाही, बोलायला हळू आणि मुलांना मारत नाही एवढंच गावाला ठाऊक. चार दिवसांनी तो तिला शेताच्या बांधावर भेटला. ती ज्वारीची कोवळी कणसं खुडत होती, वडिलांना हुरडा आवडे म्हणून.

"तुमाला... उर्दू येतं," तो म्हणाला.

"तुमाला येत न्हाई वाटतं," ती कणसाकडे बघत म्हणाली.

"कावून?"

"येत असतं तर लिहिलंय तसंच वाचलं असतं."

तो हसला, पण ओठ कोरडे पडलेले. "कुणाला सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी आज ह्या बांधावर उभे असता का?"

वारा आला, धाटं सळसळली आणि दोघंही दचकली. मग दचकलेल्या एकमेकांकडे पाहून दोघांनाही हसू आलं. त्या हसण्याच्या भरात म्हणा, किंवा त्याच्या डोळ्यांतली भीती तिला बघवेना म्हणून म्हणा, चंद्रभागेनं आपलंही गुपित त्याच्या ओंजळीत टाकलं. तिचे वडील त्रिंबकराव अर्जनवीस. कचेरीसाठी लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे, तोच परवाना, तेच पोट. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून अर्ज चंद्रभागा लिहिते, वडील फक्त चाचपडत सही करतात. कचेरीला कळलं तर परवाना जाईल, आणि फसवणुकीचा गुन्हा म्हणून वडीलही जातील.

"मला कशाला सांगितलं हे?" त्यानं विचारलं.

"तुमाला नीट झोप लागावी म्हणून. आता माझंबी तुमच्या हातात हाय."

त्यानंतर प्रत्येक बाजारी तिला काही ना काही काम निघू लागलं. ती खांबामागे उभी राही. वाचताना तो कुठंतरी क्षणभर अडखळे, आणि तिला कळे की आता कागदावर नाही ते येणार. येताना पाणवठ्याच्या वळणावर दोन वाक्यांची भेट होई.

"आज किती चुका झाल्या?"

"सात."

"मागल्या बाजारी पाच होत्या. सुधारतोय की मी."

"सुधारत न्हाईत. भीड चेपतीय तुमची," ती म्हणे, आणि पुढे निघे... पण पावलं मुद्दाम सावकाश टाकी.

भीड खरंच चेपत चालली होती. सोलापूरकडून कापडाच्या गठ्ठ्यात दडवलेलं बंदीचं वर्तमानपत्र त्याच्यापर्यंत पोचू लागलं होतं, आणि त्यातला मजकूर तो सरकारी अखबाराच्या नावानं वाचू लागला. दहा हजार माणसं रस्त्यावर उतरली, सरकार घाबरलं, तुरुंगाची दारं आता उघडणारच. लोक पुढे सरकून ऐकत. चंद्रभागेला मात्र गर्दीच्या कडेला बसलेला एखादा अनोळखी फेटा दिसला की घाम फुटे.

छबुबाईचा एकुलता एक मुलगा उत्तरेश्वर त्या सत्याग्रहात गेलेला, तुरुंगात होता. एका बाजारी ती अगदी पुढे येऊन बसली आणि मास्तरच्या तोंडाकडे बघत राहिली. गहिनीनाथ अडखळला. मग म्हणाला, "महिन्याच्या आत सगळी पोरं सुटणार हायती."

महिना होता होता छबुबाई भाकरी बांधून चालत मोमिनाबादेला गेली. हैदराबादेहून येणाऱ्या मोटारी तिथं थांबत. तीन दिवस ती त्या अड्ड्यावर बसून राहिली, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी गाडीत तिला गावात आणलं तेव्हा अंगात ताप होता आणि ती एकच विचारत होती, की आपण दिवस मोजायला चुकलो का.

त्या संध्याकाळी पाणवठ्याच्या वळणावर चंद्रभागेनं घागर खाली ठेवली.

"तसं कुठं लिहिलं होतं?"

"सोलापूरच्या पत्रात होतं... 'लवकरच' असं. महिना मी म्हणलो." त्याची मान खाली होती. "माझ्याकडं बघत होती ती. मला दुसरं काय सुचंना."

"अखबारवाला सरकारच्या तोंडाकडं बघून लिहितो. सोलापूरवाला आपल्या माणसांकडं बघून. आन तुमी छबुमावशीकडं बघून वाचता. मग खरं काय झालं तिकडं कुणी बघायचं?"

त्यानं तिची घागर नीट सरळ करून ठेवली.

"आप्पा अर्ज सांगताना," ती जरा हळू आवाजात म्हणाली, "अमक्याची म्हैस चोरीला गेली, असं कधी लिहू देत न्हाईत. लिही म्हणतात, अर्जदार म्हणतो की म्हैस चोरीला गेली. आपण काय ती म्हैस बघितलेली नसती."

गहिनीनाथानं वर पाहिलं. "तुमी रागावल्या की लई..."

"लई काय?"

"न्हाई. काही न्हाई. अर्जदार घाबरतो."

तिला हसायचं नव्हतं. तिनं घागर उचलली आणि पाठ वळवली, तरी हसू त्याला दिसलंच असावं.

पुढच्या बाजाराच्या सकाळी केजहून आलेला शिपाई त्रिंबकरावांच्या दारात उभा राहिला. अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, चावडीवर उतरले होते. मास्तर अखबार भलताच वाचतो, अशी कुणीतरी चिठ्ठी टाकली होती. साहेबाला मराठी समजत नव्हतं. तेव्हा उर्दूचे जाणकार त्रिंबकराव यांनी अखबाराची दुसरी प्रत हातात धरून शेजारी बसायचं, आणि मास्तरचा शब्द न् शब्द कागदाशी जुळतो की नाही ते सांगायचं.

शिपाई दारातून हलेना. मास्तरला निरोप धाडायची सोय उरली नव्हती.

"चंद्रा," त्रिंबकराव भिंतीला धरून उठत म्हणाले, "हात दे मला." त्यांचा हात गार पडला होता. तिचा त्याहून गार.

चावडीवर त्या दिवशी कुणी खोकत नव्हतं. अमीन सतरंजीवर बसलेला, दाढी नीट कातरलेली, बोलणं फार अदबीचं; आणि त्या अदबीनंच माणसं जास्त भ्यायली होती. त्यानं त्रिंबकरावांना आपल्याजवळ बसवलं आणि प्रत हातात दिली. त्यांनी ती धरली. उलटी धरली.

चंद्रभागा पाठीमागे बसली होती. वडिलांच्या खांद्यावरची शाल सारखी करावी तशी ती पुढे झुकली आणि तिनं कागद फिरवला. अमीन तेव्हा मास्तरकडे बघत होता. देवानं तेवढी दया केली.

मग तिनं पहिल्या पानावर नजर टाकली. तिथं त्यांच्या गावाचं नाव होतं. युसूफ वडगावच्या उत्तरेश्वरनं माफीनामा लिहून दिला आहे आणि आपल्याला भडकवणाऱ्या गावकऱ्यांची नावंही सांगितली आहेत.

हे वाचलं तर छबुबाईला गावात तोंड दाखवता येणार नव्हतं. वाचलं नाही, तर आप्पांना साहेबाला सांगावं लागेल की मास्तरनं ओळ गाळली. आणि ओळ गाळल्याचं आप्पांना कळू द्यायचं की नाही, हे तिच्याच हातात होतं, कारण डोळे तिचे होते. तिला वाटलं, आपण आत्ता इथून उठून पळावं... पण तिच्याशिवाय आप्पांना एक अक्षरही दिसणार नव्हतं.

गहिनीनाथानं अखबार उघडला. ती ओळ आली. तो थांबला. गर्दीतून त्याची नजर फक्त एकदा तिच्याकडे आली.

"अखबार म्हणतो," त्यानं सुरुवात केली, "की आपल्या उत्तरेश्वरनं माफीनामा लिहून दिला. अखबार म्हणतो, की त्यानं गावातल्या लोकांची नावं सांगितली. अखबार म्हणतो, की रयत सुखात हाय."

दर वाक्याला तेच दोन शब्द. ना जोर, ना हेल. लोक आधी गोंधळले. मग एका म्हाताऱ्यानं मान वर केली, मग दुसऱ्यानं. काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"बराबर?" अमीननं विचारलं.

चंद्रभागेनं वडिलांच्या पाठीवर बोट टेकलं, जुळतंय अशी खूण म्हणून. "बराबर है, साहब," त्रिंबकराव उर्दूत म्हणाले.

तेवढ्यात छबुबाई उठून उभी राहिली. अंगावर घोंगडी, डोळे खोल गेलेले. "अखबाराचं ऐकलं, मास्तर. तुमी काय म्हणता?"

त्यानं एक गोड शब्द काढला असता तर सगळं संपलं असतं.

"मी तिथं नव्हतो, मावशी," गहिनीनाथ म्हणाला. "हे लिहिणारा तिथं होता का न्हाई, ते ह्यात लिहिलेलं न्हाई."

"क्या बोला?" अमीन वळला.

त्रिंबकरावांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "म्हणतो, अखबारात ह्याहून जास्त काही लिहिलेलं नाही." जरा थांबून त्यांनी जोडलं, "आणि खरंच नाही, साहेब."

अमीन बराच वेळ गहिनीनाथाकडे पाहत राहिला. मग उठता उठता हसून म्हणाला, "बहोत संभल के पढते हो, मास्टर." त्या हसण्यानं चंद्रभागेला हुडहुडी भरली.

आठ दिवसांत हुकूम आला. मास्तरची बदली कड्याला, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला; आणि तिथल्या ठाण्यात दर आठवड्याला हजेरी. निघायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. त्रिंबकराव ओसरीवर बसले होते. त्यांनी दोघांचा गप्पपणा जरा वेळ ऐकला, आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून स्वतःच भिंत चाचपत आत गेले.

"मी भित्रा माणूस हाय, चंद्रभागा," गहिनीनाथ म्हणाला. तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. "कड्यालाबी माझ्या मागं माणूस राहील. जी बाई माझ्यासंगं येईल तिला रोज भ्यावं लागंल. म्हणून... मी तुमाला इचारणार न्हाई."

"मग आलात कशाला?"

"इचारणार न्हाई, एवढं सांगायला."

ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. सकाळचं कोवळं ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं, आणि त्या सदऱ्याला एक बटण नव्हतं. ते तिला कधीपासून शिवून द्यायचं होतं.

"हितं काय मी भीत न्हाई?" ती म्हणाली. "शिपाई दिसला की भिते, सही वाकडी आली की भिते. तुमी वाचाय बसला की तर..." ती थांबली. "भ्यायचंच हाय तर दोघं मिळून भिऊ."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग त्रिंबकरावांचा आवाज, "तुमचं ठरलं असंल तर कुणीतरी हात द्या. मला उंबरा सापडंना."

चैत्रात घरच्या घरी लग्न झालं. त्रिंबकरावांनी डोळ्यांचं कारण सांगून परवाना परत केला आणि मुलीबरोबर गाडीत बसले. निघताना छबुबाईनं चंद्रभागेची ओटी भरली. उत्तरेश्वरचं खरं काय झालं ते अजून कुणालाच कळलं नव्हतं, पण गावानं छबुबाईला पंगतीत आपल्यात बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आष्टीच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली. हवालदारानं गाठोडी सोडली, मास्तरची पुस्तकं झाडून पाहिली, अंथरुणाखाली हात घातला. आत काही नव्हतं. सोलापूरचं शेवटचं पान गहिनीनाथानं कधीच चुलीत घातलं होतं. तरीही चंद्रभागेनं हवालदाराच्या हातांवरून नजर हलवली नाही. काही नसलं तरी असल्या लोकांना हवं ते सापडतं, हे ती ऐकून होती.

"काय नेताय?" हवालदारानं विचारलं.

"संसार," गहिनीनाथ म्हणाला.

हवालदारानं एकदा दोघांकडे पाहिलं, आणि जाऊ द्या म्हणून हात हलवला. बैल चालू लागले. पुढे त्रिंबकराव डुलक्या घेत होते. गाठोड्यांच्या आडून एक हात चंद्रभागेच्या हातात आला, गार आणि घामेजलेला. तिनं तो आपल्या पदराखाली घेतला, आणि कड्याची घरं दिसेपर्यंत सोडला नाही.