पश्चात परिवार

नाशिकच्या त्या दैनिकात मरायलाही पत लागायची. आतल्या पानावरच्या निधन वार्तेत डॉक्टर, वकील, पतसंस्थांचे चेअरमन तेवढे यायचे. निफाडच्या द्राक्षबागांत राबायला येणारी पेठ तालुक्याकडची माणसं जणू मरतच नव्हती. उपसंपादक आशाने त्यावरून संपादकांचं डोकं खाल्लं, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या द्राक्षछाटणीच्या दिवसांत त्यांनी अखेर हात टेकले. मग तिने आणखी एक हट्ट धरला. 'पत्नी, मुलगा, सून' एवढ्यावर भागवायचं नाही. मागे राहिलेल्यांची नावं छापायची, बायकांचीसुद्धा.

पहिली बातमी झिपरूची. बागेत काम करता करताच गेलेला म्हातारा. त्याचा मुलगा मंगळू अंबडला कारखान्यात होता. माहिती द्यायला तोच आला, पण नावांपाशी अडला.

"मेल्याच्या जोडीला जित्याचं नाव घेत नाय आमच्यात, मॅडम."

"अहो, मान मिळतोय तुमच्या आईला. घाबरता कशाला?"

पत्नी चिमणाबाई, मुलगा मंगळू, सून लताबाई, असं छापून आलं. आठवडा उलटायच्या आत चिमणाबाई गेली. धडधाकट बाई, चुलीपुढे बसल्या बसल्या. वय झालं होतं, आशाने स्वतःची समजूत घातली.

मंगळू पुन्हा आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही.

"आता आमची नावं नका घालू. लता पोटुशी हाय."

तिने घातली नाहीत. तरी थोड्याच दिवसांत मंगळू झोपेतून उठला नाही. त्याची बातमी घेऊन लताबाई स्वतः आली. पोटावर दोन्ही हात धरून दारातच उभी राहिली, काही केल्या आत येईना.

"बाई, माझं नाव नका लिहू. माझ्या लेकराला वाचवा."

त्या बातमीतलं 'पश्चात'चं वाक्यच आशाने काढून टाकलं. प्रुफं स्वतः तपासली. पान छपाईला जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

सकाळी अंक दारात पडला. तिने उभ्या उभ्याच पान उघडलं.

लताबाईचं नाव कुठेही नव्हतं. आशाचा जीव भांड्यात पडला.

मग शेवटची ओळ दिसली.

'त्यांच्या पश्चात मुलगी अंबूबाई एवढाच परिवार आहे.'

लताबाईला अजून सातवाच लागला होता.