दुसरा ठोका

"अंडी नकोत मला, काकू. नुसते ट्रे हवेत. पुठ्ठ्याचे, रिकामे."

ताइनानच्या त्या बाजारात आ-क्योक काकू चाळीस वर्षं अंडी विकत होत्या, पण असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"रिकाम्या ट्रेंचं काय करणार गं? भिंतीला लावून गाणं शिकणार आहेस की काय?"

"झुरळं पाळायचीत."

"मग माझ्या घरची ने की. फुकट देते, वर सहा अंडी देते!"

सूयुन हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली असेल. मग तिनं समजावून सांगितलं की ही झुरळं वेगळी. दुबिया म्हणतात त्यांना. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ती चढत नाहीत, की डब्यातून पळत नाहीत. घरच्या सरड्याला ती खायला लागतात. सरड्याचं नाव थोतौ, म्हणजे भुईमूग. पिल्लू होता तेव्हा शेंगेएवढाच होता, म्हणून तिच्या वडिलांनी हे नाव ठेवलं. आता तो हातभर झाला होता आणि गळ्याखाली काट्यांची दाढी आली होती. रातकिडे विकणारं कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं, तेव्हा आता त्याचं खाणं घरीच वाढवणं भाग होतं.

काकूंनी सुतळीनं ट्रे बांधले आणि सहज विचारलं, "आज रविवार ना? आबांना भेटायला नाही गेलीस?"

"त्यांना मी नकोय," सूयुन म्हणाली आणि ट्रे काखोटीला मारून चालू लागली.

ती रागावली होती. महिनाभर तिचा राग मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्यासारखा रटरटत होता.

तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, वाचा गेली, आणि उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ते नखानं ठोकायचे. एक ठोका म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. 'भूक लागली?' टक्, टक्. 'खिडकी लावू?' टक्. थोतौला त्यांच्या निर्जीव डाव्या तळहातावर ठेवलं की तो तिथंच पोट टेकून ऊन खात पडायचा, आणि आबांचे डोळे हसायचे. शेवटी शेवटी दुसरा ठोका उशिरा येऊ लागला. कधी कधी मिनिट जायचं. घाई केली की उत्तर चुकलंच म्हणून समजा. सूयुन देवळांसाठी तोरणं आणि पडदे भरतकाम करून द्यायची. पहिला ठोका ऐकला की ती सुई खाली ठेवायची, हातातलं सगळं बाजूला सारायची आणि वाट बघायची.

तिचा भाऊ चिनलुंग काओश्युंगला चौदाव्या मजल्यावर राहायचा. नववर्षाला यायचा, जेवायचा, उपदेश करायचा, जायचा. भरलेला पडदा पोचवायला सूयुन दोन दिवस ताइपेला गेली तेवढ्यात तो आला आणि आबांना उचलून घेऊन गेला. ती परत आली तेव्हा पलंग रिकामा होता आणि उशीवर डोक्याचा खळगा होता.

"मी सरळ विचारलं, वृद्धाश्रमात जायचं का?" तो फोनवर म्हणाला. "दोनदा ठोकलं त्यांनी. त्यांचीच इच्छा, सूयुन."

तिनं विश्वास ठेवला, हेच ती पुढं स्वतःला कधी माफ करू शकली नाही. पाच रविवार ती गाडी धरून तिथं गेली. दर वेळी आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुम्हालाच इथं यायचं होतं ना?" असं तिनं विचारलं, वाट बघितली, आणि काहीच ऐकू आलं नाही. सहाव्या रविवारी ती गेली नाही. म्हाताऱ्याला रागवायचंच असेल तर खुशाल रागवू दे, मलाही राग येतो, असं म्हणून ती घरी राहिली.

आणि त्या दिवशी तिनं आबांच्या खोलीत झुरळांचा डबा मांडला. दुसरी जागाच नव्हती. दुबियांना अंधार लागतो, ऊब लागते, आणि कुणी येता-जाता धक्का दिलेला चालत नाही. तिनं काळ्या प्लॅस्टिकची खोल पेटी घेतली, झाकणाला बारीक जाळी बसवली, अंड्यांचे ट्रे त्यात उभे लावले. एका नरामागं तीन माद्या, असं बघून दोनशे झुरळं सोडली. कडेला गाजराचे तुकडे आणि संत्र्याच्या फोडी ठेवल्या. पेटीखाली ऊब द्यायला आबांच्या लुळ्या पायाखालची विजेची गादी घातली. आता तीन महिने यातलं एकही झुरळ खायला काढायचं नाही, वंश वाढू द्यायचा, असा नियम होता. खोलीभर संत्र्याचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा गोडसर वास पसरला. संध्याकाळी पेटीतून सळसळ ऐकू येऊ लागली, वाळक्या पानांवरून कुणीतरी अनवाणी चालावं तशी.

मंगळवारी फोन आला. आबा गेले होते.

ती त्यांचं सामान आणायला वृद्धाश्रमात गेली, तेव्हा तिचं पहिल्यांदा लक्ष गेलं. तिथल्या पलंगांचे कठडे प्लॅस्टिकचे होते. तिनं नखानं ठोकून बघितलं. आवाजच येत नव्हता.

पाच रविवार तो माणूस बहुतेक उत्तर देत होता, आणि ती कान देऊनही बहिरी होती. परतीच्या गाडीत ती रडली नाही. तिनं फक्त पिशवीचा बंद इतका आवळून धरला की हाताला वळ उठले.

आ-क्योक काकू पांढरी फुलं घेऊन आल्या. निघताना त्या दारातून हळूच म्हणाल्या, "सातव्या दिवशी माणूस घरी जेवायला येतो. तोवर, खरं तर पुढं एकोणपन्नास दिवस, घरात दिसलेला किडा मारायचा नाही हं. पतंग असो नाहीतर आणखी काही. कोण कुठल्या रूपानं येईल..." एवढं बोलल्यावर त्यांना ट्रे आठवले. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई... तू तर दोनशे आणलीस."

चौथ्या दिवशी सूयुनला एक झुरळ पेटीबाहेर दिसलं. झाकण घट्ट होतं, जाळी शाबूत होती. ती मोठी मादी होती आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बसली होती, बरोबर आबांचं बोट असायचं तिथं. चालताना तिचे डावीकडचे तिन्ही पाय फरपटत होते.

सूयुननं तिला अलगद पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कठड्यावर. थोतौ चार दिवस नुसता पाला खाऊन वैतागला होता. एरवी किडा दिसला की जीभ बाहेर काढून झेपच घ्यायचा. सूयुननं त्याला उन्हासाठी पलंगावर सोडलं, तेव्हा तो त्या लंगड्या मादीपाशी गेला, तिच्याकडे एक डोळा करून बघितलं, आणि तिच्या शेजारी पोट टेकून शांत पडून राहिला.

सूयुननं या वेळी मादीला परत पेटीत ठेवलं नाही.

सातव्या दिवशी भर दुपारी चिनलुंग आणि त्याची बायको हुइलिंग आली. तिघांच्या बाहीवर सुतकाची तागाची पट्टी होती. फोटोपुढं आबांच्या आवडीचं मांडलं होतं: दूधमाशाचं सूप, डुकराच्या मटणाचा भात, संत्री. जेवण झालं की मृताला दोन नाणी टाकून विचारायचं असतं. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही, आणखी थांबायचं.

"आबा, जेवलात का?" चिनलुंगनं नाणी टाकली. दोन्ही छापे.

उदबत्ती अर्धी झाली. पुन्हा नाही. दुसरी लावली. पुन्हा नाही. अकरा वेळा नाही.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," हुइलिंग कुजबुजली. "ताई, काही आवडीचं वाढायचं विसरलात का?"

"सगळं आहे, वहिनी."

"मग किती वेळ हे चालायचं?" चिनलुंग घड्याळ बघत म्हणाला. "चारला निघायचंय मला. सूयुन, त्यांना सगळं मिळालंय. शेवटी त्यांच्याच इच्छेनं..."

आतल्या खोलीतून आवाज आला. टक्.

सूयुन सवयीनं दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही. झुरळं आहेत."

"काय?" तो उठून आत गेला. पेटी बघून त्याचा चेहरा लाल झाला. "बापाच्या खोलीत झुरळं? डोकं फिरलंय का तुझं? लोक काय म्हणतील?"

"लोक!" सूयुनचा आवाज फुटला. "बापाला गाठोड्यासारखा उचलून नेलास तेव्हा कुठं गेले होते तुझे लोक?"

लंगडी मादी कठड्यावरच होती. चिनलुंगनं पायातली सपात काढली.

"दादा, नको... सातवा दिवस आहे. दादा!"

त्यानं सपात हाणलीच. मग तशीच दाबून धरली. पेटीतली सळसळ एकदम थांबली, दोनशेच्या दोनशे. एवढी शांतता त्या खोलीत कधी झाली नव्हती.

आणि सपातेखालून, त्याच्या हाताखालून आवाज आला. टक्.

चिनलुंगनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. सपात खाली पडली. कठड्यावर एक ओला डाग होता, बाकी काही नाही.

"तू त्यांना काय विचारलं होतंस?" सूयुन म्हणाली.

"सांगितलं ना... त्यांनीच हो..."

टक्.

"खरं सांग."

"एकदाच ठोकलं!" तो भिंतीला टेकला. "आधी एकदाच ठोकलं. मग मी म्हटलं, सूयुन दमलीय. तिलाच तुम्ही घरात नको आहात. तिनंच मला बोलावलंय... नाहीतर ते हलले नसते गं! मग बराच वेळ काही नाही. मग... दोनदा."

सूयुनला आता कळलं. म्हणजे आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते ते, आपल्या पोरीनं आपल्याला बाहेर काढलं, हे मनात धरून. आणि तरीही त्यांनी हो म्हटलं होतं, तिला मोकळं करायला. तिनं पुढं होऊन भावाच्या बाहीवरची तागाची पट्टी उपटली, टाचणीसकट.

"हे घालायची तुझी लायकी नाही. नीघ."

"सूयुन, मी मोठा मुलगा..."

"नीघ! पुन्हा या उंबऱ्यावर दिसलास तर सुपाचं पातेलं डोक्यात घालीन तुझ्या!"

हुइलिंगनं नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. तो एका पायात सपात घालून जिना उतरत गेला.

सूयुननं फोटोपुढची नाणी उचलली. "ऐकलंत ना, आबा? मी बोलावलं नव्हतं त्याला. आता जेवलात का?"

एक छापा, एक काटा.

ती फोटोपुढं बसून पोटभर रडली. मग तोंड धुऊन आतल्या खोलीत गेली, कठडा पुसला, थोतौला उन्हासाठी पलंगावर सोडलं. पेटी अजून गप्पच होती. संत्र्याचा वास दाटला होता. सगळं मिटलं होतं, पण एक गोष्ट बाकी राहिली होती, आणि ती चिनलुंगची नव्हती, तिची स्वतःची होती.

"आबा," ती म्हणाली, "शेवटच्या रविवारी मी आलेच नाही. मुद्दाम आले नाही. तुम्ही दाराकडे बघत असाल..." तिनं फडक्यानं कठडा पुन्हा पुसला. "माझ्यावर रागावलात?"

टक्.

एक. एक म्हणजे नाही. तिनं सुटकेचा श्वास घेतला आणि तो अर्ध्यातच थांबला. इतकी घाई चिनलुंगनं केली असती. तिला ठाऊक होतं, दुसऱ्या ठोक्याला मिनिटभरही लागतं.

थोतौ पलंगाच्या डाव्या बाजूला सरकला, पुढचा एक पाय उचलून कशावर तरी चढला, आणि डोळे मिटून पोट टेकून पडला. त्याच्या पोटाखाली चादर दिसत होती. पोट आणि चादर यांच्यामध्ये चांगलं तळहाताच्या जाडीइतकं अंतर होतं.

सूयुननं हातातलं फडकं खाली ठेवलं, जमिनीवर बसली, आणि कठड्याला कान लावून वाट बघू लागली.