दोन लाल, एक पिवळा

तो पहिल्यांदा आमच्या लाँड्रीत आला आणि झोपला.

अगदी खरं सांगतेय. उन्हाळ्याची दुपार होती, बॉयलरच्या वाफेने दुकानाची भट्टी झाली होती. त्याने भलंमोठं गाठोडं काउंटरवर ठेवलं, "बारा चादरी, सहा अभ्रे," म्हणाला, आणि मी पावती लिहून मान वर करते तोवर स्वारी समोरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून गाढ! निळा युनिफॉर्म, छातीवर नऊ नंबरच्या बसचा बिल्ला, आणि तोंड किंचित उघडं.

मला राग यायला हवा होता. पण मला त्याचा हेवा वाटला. सकाळी सातपासून मी उभी होते. पाय भरून आले होते, पाठ बोलत होती, आणि इस्त्रीसाठी शर्टांचा ढीग तसाच. असं कुठेही टेकून झोपता आलं तर काय हवं!

"कोण घोरतंय गं?" बाबांनी कोपऱ्यातल्या खुर्चीतून विचारलं. त्यांना हल्ली दिसायचं कमी झालंय, पण कान तिखट आहेत.

"नवीन गिऱ्हाईक आहे."

"झोपू दे मग. झोपलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही."

अर्ध्या तासाने तो दचकून उठला, घड्याळ पाहिलं, "अरे बापरे — माझी बस!" म्हणाला आणि पावती न घेताच पळाला. मी एकटीच हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, गालांना जरा जडच गेलं.

आता आमच्या दुकानाची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही कपड्यांना चिठ्ठ्या लावत नाही. प्रत्येक घराची एक खूण असते, कपड्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे तीन टाके. शाळेतल्या बाईंचे तीन जांभळे. समोरच्या भाजीवाल्या काकूंचे दोन हिरवे, एक काळा. बाबा तर नुसती बोटं फिरवून कपडा कोणाचा ते सांगतात, कारण रंग दिसला नाही तरी प्रत्येक घराच्या टाक्यांची ठेवण वेगळी असते. आमच्या स्वतःच्या घरची खूण दोन लाल, एक पिवळा. आईने ठरवलेली. आई गेली, खूण राहिली, आणि ती बाहेर कुणालाही द्यायची नाही हा बाबांचा एकुलता एक कडक नियम.

त्या संध्याकाळी मी नऊ नंबरच्या बसवाल्याच्या अठराच्या अठरा कपड्यांवर तीच खूण घातली.

मुद्दाम नाही हो! डोळे मिटत होते, सुईत दोरा ओवलेलाच होता, हात आपोआप चालत होते. आठवड्याने मी माझ्या अंथरुणावर धुतलेली चादर पसरली, तर तिला फिकट निळ्या रेघा. आमच्याकडे रेघांची चादर नाहीच. कोपरा उलटून पाहिला... आणि कपाळावर हात मारून घेतला. खरं तर उठून ती घडी करून ठेवायला हवी होती, पण अंगात त्राण नव्हतं. मी तशीच झोपले. छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी चादर परत करताना मी नजर चोरतच म्हटलं, "चुकून आमच्या कपड्यांत गेली होती."

"असं होय! आमच्याकडे पण तुमचा एक टॉवेल आलाय. पांढरा, मऊ."

"मग आणायचा ना!"

"माझ्या बाबांना तो फार आवडलाय. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन महिने ते पडूनच आहेत. सगळ्यावर चिडतात, फक्त त्या टॉवेलवर चिडत नाहीत." मग जरा थांबून, "परत हवाय का...?"

"राहू दे," मी म्हटलं. आमच्या बाबांना सांगितलं, टॉवेल फाटला.

त्याच्या झोपेचं खरं कारण त्या दिवशी कळलं मला. पहाटे बस, दुपारी घरी जाऊन वडिलांचं सगळं, संध्याकाळी पुन्हा बस. चादरी रोज बदलायच्या. मधला अर्धा तास तेवढा त्याचा, आणि तो माझ्या बाकावर जायचा. मी त्याच्यासाठी पंख्याचं तोंड बाकाकडे वळवून ठेवायला लागले. तो आपला स्वतःचा युनिफॉर्म मात्र घरीच धुवायचा. "तुमचं काम वाढवायला चादरी पुरेत," म्हणायचा. इस्त्री इतकी वाईट असायची, की बघून माझे हात शिवशिवायचे.

"ही कॉलर बघवत नाही मला," एकदा मी म्हटलं.

"मग कॉलर बघू नका," तो डोळे मिटूनच म्हणाला. "वर चेहरा आहे."

"तो झोपलेला असतो."

"म्हणजे बघता तर!"

मी इस्त्री अशी आपटली की बाबा खुर्चीत दचकले.

खुणा उसवायला हव्या होत्या. रोज ठरवायचे, आणि रोज नव्या घड्या घालून चादरी तशाच परत द्यायचे. दोन्ही घरचे कपडे मी डोळ्यांनी वेगळे करत होते. जास्तीचं काम, तेही मी! ज्या बाईला केस विंचरायचा कंटाळा यायचा, तिने हे उद्योग का करावेत? उत्तर मला माहीत होतं. पण दोन स्थळं हातची गेल्यावर, आणि दिवसभर उभं राहिल्यावर, आशा धरायचीसुद्धा दमणूक वाटते.

उन्हाळा सरता सरता आमच्या गल्लीत सगळे मिळून जेवतात. रस्त्यावर टेबलं मांडायची, प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, टेबलांवरचे कपडे आमच्या दुकानाचे. त्या वर्षी तोही आला होता, आणि एक कपडा कमी पडला. तो म्हणाला, "थांबा, आणतो," आणि घरातून रेघांची चादर घेऊन आला. भाजीवाल्या काकूंनी ती पसरताना कोपरा उचलला.

"अगं बाई! ही तर तुमच्या घरची खूण!" काकूंचा आवाज बाजारातला, तो गल्लीभर गेला. "याच्या चादरीवर कशी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांनी हात पुढे केला, कोपऱ्यावर बोटं फिरवली आणि चादर सोडून दिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चुकून झालं ते," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चुकून?"

"हो. दमले होते."

"बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "दमल्यावर होतं असं." आणि ताटं वाढायला निघून गेला. त्या रात्री तो सगळ्यांशी हसून बोलला, माझ्याशीही. तेच मला सहन झालं नाही.

पावसाळा सुरू झाला. त्याचे वडील काठी घेऊन चालू लागले. चादरी रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा यायला लागल्या, आणि बाक रिकामा राहू लागला. मग एका सोमवारी तो उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबांना ताई घेऊन जातेय. तिच्या गावच्या डेपोत मी बदली मागितली होती, तुमच्या दुकानात यायच्या आधीच. आता मंजूर झालीय. जायचं की नाही, शुक्रवारी चारपर्यंत सांगायचंय."

"अच्छा," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

काय ते आमचं बोलणं! "सगळं धुऊन ठेवा," तो पायरीवरून म्हणाला. "शुक्रवारी न्यायला येतो."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "खुणा काढून दे त्याच्या. आपल्या घरची खूण परगावी कशाला?" आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला रडू आलं.

शुक्रवारी दुपारी मी बाकावर बसून उसवायला घेतलं. एक लाल, दुसरा लाल, पिवळा. टाके माझेच होते, घट्ट होते. नऊ चादरी झाल्या. बाहेर बारीक पाऊस पडत होता, बॉयलर घुमत होता, दहावी चादर मांडीवर ऊबदार होती... आणि उन्हाळ्यापासूनचा सगळा थकवा एकदम अंगावर आला.

जाग आली तेव्हा दहावी चादर माझ्या अंगावर होती. पंखा बंद होता. आणि काउंटरच्या मागे, माझ्या जागेवर, तो बसला होता. अंगातला युनिफॉर्मचा कोट काढून मांडीवर घेतलेला, दातांत जीभ धरून कॉलरच्या आत काहीतरी शिवत होता.

"काकू पडदे देऊन गेल्या, तीन," मान वर न करता तो म्हणाला. "शाळेच्या बाई कोट देऊन गेल्या. कागदावर लिहून ठेवलंय."

"मला उठवायचं ना!"

"तुम्ही मला कधी उठवलंत?"

मी उठून जवळ गेले. कॉलरवर दोन लाल टाके होते, एक इकडे, एक तिकडे. पिवळा अजून सुईतच होता.

"हे काय करताय?"

"चूक," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्याकडून होते, माझ्याकडून का होऊ नये?"

घड्याळात साडेतीन वाजले होते. आता बोलले नसते तर जन्मभर इस्त्रीच करत बसले असते.

"चूक एकाच दिवसाची होती," मी म्हटलं. "पुढचे चार महिने... ते मी तसंच ठेवलं. मला काढायचं नव्हतं. गल्लीत खोटं बोलले."

सुई थांबली. "मग डेपोत काय सांगू?"

"सांगा की — नाही जायचं. इथेच राहा." आणि मग धीर गोळा करून, "तुम्ही नसलात की बाकाकडे बघून मला फार दमायला होतं. मला तुम्ही आवडता हो. झालं, बोलले!"

त्याने माझा हात धरला. वाफेने भाजलेला, खरखरीत हात. मी मागे घ्यायला गेले, त्याने सोडला नाही.

"मी तर पहिल्याच दिवशी बस चुकवली होती," तो म्हणाला. "एवढी शांत झोप मला दुसरीकडे कुठेच लागत नाही." मग घड्याळ पाहून उठलाच. "'नाही' सांगायला चारच्या आत पोचायला हवं!" आणि कोट तिथेच टाकून, पावसात, नुसत्या शर्टावर धावत सुटला.

मी पिवळ्या दोऱ्याचा शेवटचा टाका घालायला सुई उचलली. मग तशीच ठेवली. तो परत येऊन घालणार होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून हात पुढे आला. बाबा झोपलेत असं मला वाटत होतं. मी कोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी कॉलरवर बोटं फिरवली, परत फिरवली.

"खूण आपली आहे," ते म्हणाले. "पण हात फार कच्चा आहे गं."

"शिकेल बाबा," मी म्हटलं. "आता इथेच आहे तो."