कांडपाचं दीड वर्ष

कोरमंगलातल्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनमधून दोन कागद पाठोपाठ बाहेर पडले आणि महानंदाने घाईत भलताच उचलला. 'आपल्या नामांकित कंपनीत काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न...' शब्दन् शब्द तिचाच, खाली नाव मात्र कुणा विराटचं!

"अगं बाई, हे काय!"

"माझं स्वप्न तुमच्याकडं कसं आलं हो?" शेजारी तिचा कागद धरून एकजण खुशाल हसत होता. मराठीत, तेही या कानडी शहरात!

दोघांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा अर्जाचा एकच नमुना उचलला होता. जागाही एकच, होसकोट्याच्या मसाला कारखान्यातली माल-खरेदीची. यावर कॉफी प्यायलाच हवी, असं विराटचं मत पडलं.

"हे दीड वर्ष 'स्वतंत्र सल्लागार'... म्हणजे काय?" कॉफी पिताना तिचा अर्ज वाचत त्याने विचारलं.

महानंदा लाजेने लालबुंद झाली. "आप्पांचा हात मोडला, म्हणून निपाणीची आमची कांडपगिरणी मी चालवली. ते काय लिहायचं? हसतील की लोक!"

"मिरची कळते तुम्हाला?"

"ब्याडगीचा देठ मोडला की ओल सांगते. एकदा न बघता घेतली, तर तीन पोती बुरशीनं गेली."

"मग हेच लिहा! बुरशीसकट."

"बुरशीसकट?"

"चूक कबूल केली की बाकीचं खरं वाटतं."

"पण... ही जागा तुम्हालाही हवी आहे ना?"

त्याने कपाकडे बघत मान हलवली. "मला तिखट आणि गुलाल ओळखू येत नाही. गाड्यांच्या फेऱ्या लावता येतात. यशवंतपूरला तसलं काम बघतो. स्वल्प उशीर होईल, सरी... चालायचंच."

दिवाळीपर्यंत नोकरी नाही लागली तर निपाणीला परत, असा शब्द ती घरी देऊन आली होती. दिवाळीला उरले होते वीस दिवस. ती लिहीत गेली, तो खोडत गेला. वाऱ्याने तिची बट कागदावर आली, तेव्हा मात्र त्याची पेन्सिल थांबली. पत्र त्याच संध्याकाळी गेलं, तरी दोघं रोज कॉफीला येतच राहिले. कारण विचारायचं नाही!

मुलाखतीत साहेबांनी पत्र बाजूला सारलं आणि मिरचीचे दोन ढीग पुढे केले. महानंदाने देठ मोडले. "डावीकडचा घेऊ नका, सर. आत ओल आहे." साहेब हसले.

"मिळाली!" ती धावतच कॉफीच्या दुकानात शिरली.

विराट केवढा खूश झाला! मग हळूच म्हणाला, "आता होसकोट्यालाच राहणार... दोन तासांवर."

"हो." ती बसली नाही. "आईला फोन केला. ती म्हणाली, मनासारखं झालं, मग रडतेस का? मला सांगता आलं नाही. आता सांगते..." तिने दीर्घ श्वास घेतला. "मला तू आवडतोस."

विराटने कपाळावर हात मारला.

"अगं, मी आठ दिवस हेच पाठ करतोय! किती छान वाक्यं होती..."

"मग म्हण की."

"विसरलो," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात हातात घेतला.