न विचारलेली कारणं

रविवारी दुपारी जेवणं उरकली की ताईच्या टेबलावरची ताटं उचलली जायची आणि त्या जागी राज्य मांडलं जायचं. नकाशा माझा, नियम माझे, फासे दाजींचे. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, खेळात नामांकित तलवारबाज होते. एरवी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात. ताई इस्पितळात नर्स आणि खेळात वैद्यीण. म्हणजे सोंग घ्यायचं तरी हिला ड्यूटी सुटली नाही. तिसरा खेळाडू तळमजल्यावरचा कवळ्या बनवणारा शेजारी. त्याला आम्ही कवळीसम्राट म्हणायचो. तो खेळात चोर होता, आणि अगदी मनापासून होता.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकेकानं एकेक पात्र व्हायचं, आपलं पात्र आता काय करतं ते बोलून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरायचं. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजे, दरोडेखोर, वादळं, संशयी म्हाताऱ्या, हे सूत्रधारानं सांभाळायचं. सूत्रधार मी.

पात्रांच्या बोटभर बाहुल्या कवळीसम्राटानं दातांच्या साच्यांतून उरलेल्या प्लास्टरच्या केल्या होत्या. पहिली केली तेव्हा त्यानं ती ओलसर असतानाच माझ्या तळहातावर ठेवली. कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

"घट्ट होताना तापतं," तो म्हणाला. "एकदा निवलं की निवलं. मग परत आपणहून तापत नाही."

माझा धंदा विम्याचे दावे तपासण्याचा. आग लागली की लावली, सामान चोरीला गेलं की मेहुण्याकडे गेलं, एवढंच मी आयुष्यभर बघत आलो. त्यातून एक गोष्ट शिकलो. खरं बोलणारा माणूस एकच कारण देतो, तेही विचारल्यावर. "दार उघडं कसं राहिलं?" "विसरलो, साहेब." लबाड माणूस विचारल्यावर तीन देतो. पण एक तिसरी जात असते. ही माणसं न विचारताच कारणं देत सुटतात, आणि खोटंही बोलत नसतात. त्यांनी काहीतरी केलेलं असतं आणि का केलं ते त्यांनाच ठाऊक नसतं.

या तिसऱ्या जातीवरून मी खेळात 'वरचे' आणले. त्यांना तोंड नाही, सैन्य नाही, गाव नाही. ते फक्त एखाद्याच्या डोक्यात एक विचार ठेवून देतात, आणि त्याला तो आपलाच वाटतो. ओळखायची खूण एकच: तो माणूस न विचारलेली कारणं देऊ लागतो. राजा लढाई रद्द करून घोडेवाल्याला त्याची कारणं समजावत बसला की ताई टेबलावर हात आपटायची, "वरचे!" घरातही त्याची थट्टा झाली. दाजी महागडे बूट घेऊन आले आणि दारातूनच सुरू झाले, "सूट होती, जुने चावतात, शिवाय..." आम्ही तिघं एका सुरात ओरडलो, "वरचे!"

मग ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातून मेट्रनच्या जागेसाठी बोलावणं आलं. या जागेसाठी तिनं कित्येक वर्षं परीक्षा देत, रात्रपाळ्या ओढत हाडाची काडं केली होती. दाजी तर सामान बांधायलाच निघाले.

"आणि आई?" मी विचारलं.

"तू आहेस की," ताई म्हणाली. "इतकी वर्षं मी केलं. आता तुझी पाळी."

आई ताईकडेच अंथरुणाला खिळलेली, तिला कुशीवर वळवायलाही माणूस लागतं. मी हसून मान डोलावली आणि मनात जमाखर्च मांडला: उठवणं, पुसणं, भरवणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकणं. आईवर माझं प्रेम आहेच. ते लांबून फार चांगलं जमतं.

त्या रविवारी ताईची वैद्यीण एका पुलाशी पोचली. पलीकडे ते शहर, जिथे जायला ती पहिल्या दिवसापासून निघाली होती. फासे तिच्या बाजूनं पडले.

"अर्ध्या पुलावर तिच्या मनात येतं की परत जावं," मी म्हणालो, आणि बाहुली एका बोटानं फिरवून माघारी तोंड करून ठेवली.

"का पण?" ताईनं विचारलं.

"तुझ्याच मनात आलं."

"अरे, हा काय अन्याय!" कवळीसम्राट करवादला. ताई हसली. सगळेच हसले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "त्या नोकरीला नाही म्हणून कळवलं."

मी काहीच विचारलं नव्हतं. नुसता श्वास घेतला होता.

"तिथली हवा दमट आहे," ती म्हणाली. "ह्यांच्या ओळखीचं तिथे कुणी नाही. आणि त्या क्वार्टरच्या खिडक्या पश्चिमेला आहेत."

"ताई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? माझ्याच मनात आलं."

मला आधी हायसं वाटलं. हे लिहिलंच पाहिजे, कारण दुसरं जे वाटलं ते नंतर आलं आणि अजून गेलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पोचलो. फडताळातून वैद्यिणीची बाहुली काढून तिचं तोंड पुलाकडे करायला गेलो. ती कोमट होती. फडताळात ऊन येत नाही.

खेळ सुरू होताच मी जाहीर केलं, "वरच्यांचा पगडा सुटला. वैद्यीण मोकळी आहे. चल ताई, ओलांड पूल."

"नको."

"अगं, फासेसुद्धा टाकायचे नाहीत. नुसतं हो म्हण."

"नको म्हणते ना! पलीकडे हवा दमट आहे."

दाजी खो खो हसले. त्यांना वाटलं, ती सोंग वठवतेय. हसता हसताच म्हणाले, "ते इस्पितळवालेही तुझ्यासारखेच चिवट आहेत. शुक्रवारपर्यंत जागा राखून ठेवतो, विचार बदला म्हणाले."

कवळीसम्राट हसला नाही. त्यानं खिशातून एक नवी बाहुली काढून माझ्यासमोर ठेवली. बसलेला माणूस, हनुवटी एका हातावर, दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलेलं. डोक्यावरचं टक्कलसुद्धा माझंच.

"सूत्रधार," तो म्हणाला. "प्लास्टर उरलं होतं. शिवाय टेबलाची ती बाजू ओकीबोकी दिसायची. आणि हातात काम नव्हतं, म्हणून..."

तो मध्येच थांबला. त्याचा चेहरा त्याच्या साच्यांसारखा पांढरा पडला.

कुणीही "वरचे" म्हणून ओरडलं नाही.

"कधी केलीस?" मी विचारलं.

"तू पूल मांडलास ना, त्याच्या आधी."

बाहुली मी खिशात टाकली.

शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर निघालो. ठरवलं होतं: ताईसमोर उभं राहायचं, आईला मी नेतो म्हणून सांगायचं आणि तिच्या हातून होकाराचा फोन करवूनच परतायचं. रस्ताभर वाक्य घोकत होतो. आईला मी नेतो. तू जा.

जिना चढलो. दाराआडून ताईचा आवाज येत होता. "आ कर. अजून एक घास. हा शेवटचा."

बेलवर बोट ठेवलं.

बोट पुढे केलेलं. दाबलेलं नाही.

मी खाली उतरलो.

तळमजल्यावर कवळीसम्राट आपल्या दारात हात पुसत उभा होता. माझ्याकडे नुसता बघत होता.

"आई जेवत होती," मी म्हणालो. "मध्येच अडवलं तर तिला ठसका लागतो. शिवाय ताई दमलेली वाटली. आणि माझ्याकडच्या खिडक्या पश्चिमेला आहेत."

तो हळू आवाजात म्हणाला, "मी काही विचारलं का?"

मी खिशात हात घातला. बाहुली तापत होती, घट्ट होताना तापतं तशी.