बटण कुणी सरकवलं?

शनिवारी वेदिका दवाखान्यातून लवकर घरी आली आणि दारातच थबकली.

बैठकीत एक अनोळखी तरुण भिंतीच्या कडेनं चक्क रांगत होता! डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. बाबांच्या आरामखुर्चीत बाबा नव्हते. तिथं एक काळा चौकोनी ठोकळा ऐटीत बसला होता आणि त्यातून तबल्याचा डग्गा घुमत होता. बाबा, म्हणजे कृष्णकांत धर्माधिकारी, शेजारी उभे राहून पेपर चालू असल्यासारखी देखरेख करत होते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय करणार?

"हे... काय करून राहिले तुम्ही?" वेदिकानं विचारलं.

तरुणानं डोळे उघडले. आधी तिच्या चपला दिसल्या, मग ती. त्याचे कान लाल झाले.

"सबवूफरची, या खोल आवाजाच्या डब्याची, जागा शोधून राहिलो, मॅडम."

"रांगून?"

"रांगूनच सापडते ना! काकाजी जिथं बसतात तिथं डबा ठेवायचा, अन् आपण खोलीभर कान लावत फिरायचं. जिथं डग्गा भरून ऐकू येते, ती डब्याची जागा. मग डबा तिथं अन् काकाजी परत खुर्चीत."

आता खरं तर तिनं आत जाऊन गार पाणी प्यायला हवं होतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री तापलं होतं. पण कुतूहल हा वेदिकाचा जुना आजार... तिनं पर्स ठेवली, ओढणी खोचली आणि सरळ फरशीवर गुडघे टेकले.

"आता?" त्यानं हळूच विचारलं. दोन फूट पुढं सरकून पुन्हा, "की आधी बरं होतं?"

वेदिकाला हसूच फुटलं. "अहो, हे तर माझं वाक्य! मी चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर लोकांना हेच विचारते. हे बरं, की आधीचं?"

"मग लोकं खरं सांगतात?"

"अर्धे मला बरं वाटावं म्हणून सांगतात."

"तुम्ही तसं नका करू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. एका गालाला खळी पडत होती. एकाच. दुसरीकडं का नाही, असा एक निरर्थक प्रश्न तिच्या मनात येऊन बसला तो बसलाच.

त्याचं नाव रजत. मूळचा नागपूरजवळच्या खाप्याचा. वडिलांचं, नत्थूजींचं, तिथं मंडपाचं आणि साउंडचं काम. तो कामाला होता त्या स्पीकरच्या दुकानानं त्याला कंपनीच्या प्रशिक्षणाला पुण्याला धाडलं होतं. तिथं शिकवल्याप्रमाणे त्यानं पंखा, कूलर, सगळं बंद करून बाबांनी घेतलेले दोन सबवूफर लावले, घामानं निथळत. डग्गा असा घुमला की बाबांनी डोळे मिटून घेतले.

सोमवारी बाबा जेवून कूलर लावून खुर्चीत बसले, आणि डग्गा गायब! कूलरच्या घरघरीनं तो पार गिळून टाकला होता. मे महिन्यात कूलर बंद ठेवून गाणं ऐकणारा माणूस नागपुरात अजून जन्माला यायचाय.

"खाप्याचा असून मले हे समजू नये?" दुसऱ्या खेपेला रजतनं कपाळावर हात मारला. या वेळी त्यानं कूलर चालू ठेवून जागा शोधली. वेदिका अर्थातच सोबत रांगत होती.

मग मेसेज सुरू झाले. विचारणारी ती, सांगणारा तो. एकच मोठा डबा का नाही? खोल आवाज नेमका कुठून येतोय ते का कळत नाही? तो बोलून उत्तरं पाठवायचा. "खोलीत काही जागी आवाज साचते, काही जागी खड्डा पडते. एकाचा खड्डा दुसरा भरून काढते, म्हणून दोन पाहिजेत." ती प्रत्येक उत्तर दोनदा ऐकायची. दुसऱ्यांदा माहितीसाठी नाही, हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं. मध्ये एकदा त्यानं सांगून टाकलं की, दुकानाचे मालक दत्तोपंत त्याला तीन महिने पारखणार आणि मगच नोकरी पक्की करणार. त्यातले अडीच झाले होते.

पुढच्या बुधवारी तो शेवटचं तपासायला आला. "आता काही बिघडणार नाही, मॅडम," असं आनंदाची बातमी असल्यासारखं सांगून गेला.

आणि फोन चिडीचूप झाला. विचारावं तरी काय? सगळे प्रश्न विचारून संपले होते. एकच उरला होता. हा आपल्याशी बोलत होता, की फक्त गिऱ्हाइकाशी? असलं कुणी मेसेजमध्ये विचारतं का!

शुक्रवारी सकाळी धूळ पुसता पुसता वेदिकाचा हात दुसऱ्या सबवूफरच्या मागं गेला. तिथलं छोटं बटण उलटं केलं की एक डबा हवा ढकलतो आणि दुसरा ओढतो, मग खुर्चीत काहीच पोचत नाही, हे त्यानंच शिकवलं होतं. तिनं बटण सरकवलं.

डग्गा पुन्हा गायब, बाबांचा दुकानात फोन, आणि शनिवारी दुपारी रजत हजर! डब्यामागं वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग मान वळवून त्यानं वेदिकाकडं पाहिलं. वेदिका पडद्याची झालर निरखत होती.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"बटण उलटं होतं, काकाजी."

"कुणी केलं उलटं?"

रजतनं बटण सरळ केलं. "...माझ्याकडूनच राहिलं असंल."

"पंधरा दिवसांत चौथी खेप!" बाबांनी फोन उचलला. "तुमच्या दत्तोपंतांनाच विचारतो, असा माणूस पाठवतात कसा?"

रजतचा चेहरा उतरला. वेदिकानं पडद्याची झालर सोडली. आपण गप्प राहिलो तर याची नोकरी जाईल, आणि तरीही हा आपलं नाव घेणार नाही! तिला हवं होतं ते उत्तर तिला मिळालं होतं. पण हे असं?

"बाबा, फोन ठेवा. बटण मी सरकवलं."

"तू? काहून?"

"हा... परत यावा म्हणून."

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. फोनमधून दत्तोपंतांचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. बाबांनी मुलीकडं पाहिलं, रजतकडं पाहिलं, घसा खाकरला.

"हां दत्तोपंत, धर्माधिकारी बोलतोय. नाही, तक्रार कसली! पोरगा काम छान करतो, तेवढंच कळवायचं होतं. पक्कं करून टाका त्याला."

मग ते चहाचं सांगायला म्हणून आत निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा!

रजत अजून गुडघ्यांवरच होता.

"काहून वं," तो म्हणाला. 'मॅडम' कुठल्या कुठं गेलं होतं. "बटण कायले सरकवलं? मेसेज टाकायचा ना."

"काय लिहिणार होते मी?"

"'ये' लिहायचं. तीन दिवसांपासून फोन हातात धरून बसलो मी... यांच्याकडं काही बिघडते का म्हणून!"

कूलरच्या अगदी समोर उभी असूनही वेदिकाचा चेहरा तापला. पण नजर तिनं या वेळी पडद्याकडं वळवली नाही.

"उद्या ये मग."

"उद्या रविवार. दुकान बंद राहते."

"ठाऊक आहे मला," वेदिका म्हणाली. "म्हणूनच बोलावते आहे."