माईकवर माझी आई

फिल्म सोसायटीच्या छोट्याशा हॉलमध्ये मध्यंतराचे दिवे लागले आणि मी दचकलेच. शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी तरुण मोबाइलवर माझंच लिहिलेलं वाचत होता!

दर शनिवारी संध्याकाळी मी एक पोस्ट टाकते. आज बघायला एक सिनेमा, ऐकायला तीन गाणी आणि सगळ्यात खाली राजकारणावर चार ओळी. वाचणारे जेमतेम दोनशे. गाण्यांवर बदाम पडतात, राजकारणाकडे कुणी फिरकत नाही.

"गाणी कशी आहेत?" मी उगाचच विचारलं.

"गाणी मी सोडून देतो. खालच्या चार ओळी वाचतो. फार नेमकं लिहितात या बाई."

"बाई? सव्वीस वर्षांची आहे ती!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलवरच्या फोटोकडे... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

तो स्वराज. मूळचा चांदवडचा. नाशकात 'लिहिण्याची कामं' करतो, एवढंच म्हणाला. सिनेमा सुटल्यावर कॉलेज रोडला चहा झाला. डिसेंबरची थंडी, ग्लासाभोवती दोन्ही हात, आणि ग्लासावरून वर येणारी त्याची नजर...

पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "तिसरं गाणं चार वेळा ऐकलं."

"आवडलं?"

"नाही. तुम्हाला ते का आवडलं, ते शोधत होतो."

"सापडलं?"

"अजून नाही. तुमच्यासमोर बसून ऐकावं लागणार, असं दिसतंय."

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही. आणि एका संध्याकाळी मी त्याला ते सांगितलं, जे कधीच कुठे लिहिलं नव्हतं. माझी आई मालनबाई मखमलाबादहून पहाटे पाचला फुलं घेऊन निघते, पंचवटीत विकायला बसते आणि बारा वाजेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. कारण तिथे बाईमाणसाला जायला जागाच नाही. तीस वर्षं हेच. दोनदा मुतखडा झाला.

"हे का लिहीत नाहीस, प्रतिभा?"

"ती आईची गोष्ट आहे. गाण्यांच्या खाली टाकायची नाही."

त्यानं माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच.

आठच दिवस गेले. महापालिकेच्या प्रचाराचा जोर होता. ग्रंथालयातलं काम आटोपून परतताना पंचवटीत कोपरा सभेपाशी गाडी अडली. आमच्या वॉर्डातले उमेदवार भावुक होऊन बोलत होते, "माझी एक माउली पहाटे पाचला फुलं घेऊन येते... आणि बारा वाजेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही! का घेत नाही?"

मी गाडी बंद केली. मुतखडाही आला. दोनदाचा हिशेबही. टाळ्या कडाडल्या. आणि स्टेजच्या कडेला, हातात कागद धरून, प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत उभा होता... स्वराज.

मला पाहून तो धावत आला. "प्रतिभा, थांब—"

"ही तुझी लिहिण्याची कामं?"

"त्यांची भाषणं मी लिहितो. सांगणार होतो..."

"कधी? टाळ्या पडल्यावर?"

"हे कुणीतरी बोलायला हवं होतं, असं मला मनापासून वाटलं गं."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं? आईला?"

मी गाडी वळवली. घरी आईला सगळं सांगितलं. ती उठली आणि उद्याची फुलं निवडायला बसली. त्या शनिवारी मी सिनेमा सुचवला नाही, गाणीही नाही.

रविवारी दहा वाजता आईला डबा द्यायला गेले आणि जागच्या जागी थिजले. झेंडूच्या पाट्यांमागे बसून स्वराज हार ओवत होता!

"आई, याला उठव आधी."

"मी कशाला उठवू? सहालाच आला. पाया पडाया लागला. म्हटलं, माफीबिफी काही नाय. बारा वाजेस्तोवर बस इथं, अन् पाणी पिऊ नको."

त्याचे ओठ सुकले होते. बोटं पिवळी झाली होती. खाली बघत तो म्हणाला, "उमेदवारांना विचारलं मी, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधणार ना? हसले. म्हणाले, निवडणूक तर होऊ दे. काम सोडलं मी."

"अन् मला राग कशाचा हाय, सांगू का?" आई मध्येच कडाडली. "माउली कशाला म्हणाला तो स्टेजवरचा? माझं नाव घ्यायला काय झालं व्हतं? मालनबाई म्हणायचं ना!"

मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, तिला लाज वाटली असेल.

"पुढच्या सभेला मीच जाणार हाय. इचारते त्याला, कधी बांधतो ते. तुम्ही दोघं लिहून द्या मला."

ती गिऱ्हाइकाकडे वळली. मी पाट्यांमागे, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले.

"राग गेलेला नाही माझा."

"माहितेय." त्यानं हातातला हार खाली ठेवला. "एक सांगायचंय. या वेळी... आधी विचारतोय. सांगू?"

"सांग."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

बाजार गजबजलेला होता. मला मात्र काही ऐकू येईना.

"माझंही," मी म्हणाले. आणि मीच चकित झाले.